शेजारचे मेनोनाइट आजोबा गेले, आणि निधनवृत्तात माणूसच सापडत नाही

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत घर घेऊन तीन वर्षं झाली. शेजारचे आजोबा मेनोनाइट, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे; ते ८८ व्या वर्षी घरीच वारले आणि परवा संध्याकाळी चर्चमध्ये व्ह्यूइंग, म्हणजे अंत्यदर्शन, आहे. काय घालायचं, काय न्यायचं, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा, की पेपरातलं निधनवृत्त बायोडेटासारखं कोरडं आहे, तीन वर्षं कुंपणावरून टोमॅटो देणारा माणूस त्यात कुठेच दिसत नाही. तिसरा प्रश्न तुम्ही शेवटी दबकत विचारलाय, पण खुपतोय तोच जास्त: सात मुलं असून शेवटच्या महिन्यात कुणी त्यांना हॉस्पिटलात का नेलं नाही?

मी मूळची नागपूरची. या भागात बावीस वर्षं हॉस्पिस नर्स आहे, म्हणजे असाध्य आजाराची माणसं घरी शांतपणे जावीत यासाठी घरोघरी जाणारी नर्स. तुमच्या शेजाऱ्यांना मी ओळखत नाही, आणि ओळखत असते तर इथे अवाक्षर लिहिलं नसतं. पण अशा बऱ्याच घरांत पहाटे तीनला बसलेली आहे, त्यावरून सांगते.

आधी परवाचं. साधे गडद कपडे घाला. वहिनींनी साडी नेसली तरी काही बिघडत नाही, फक्त जरीची नको. पांढरंच घालायला हवं असं इथे नाही. हार, अगरबत्ती नको. फुलंही नकोत. निधनवृत्ताच्या शेवटी ‘फुलांऐवजी मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिसला देणगी द्यावी’ अशी ओळ आहे म्हणालात, ती शब्दशः घ्या; आपत्तीत मदत करणारी ती त्यांची संस्था. शवपेटी बहुधा उघडी असेल, शेजारी आजी आणि मुलं ओळीने उभी असतील आणि तुम्ही रांगेत असाल. रांग लांब असते. एवढ्या गोतावळ्याच्या माणसासाठी तास-दीड तास लागू शकतो, तेव्हा लहान मुलांना खाऊनपिऊन न्या. जेवण द्यायचं असेल तर ते चर्चमध्ये नाही, घरी पोचवा. कमी तिखटाचा पुलाव चालेल. भांड्याला खालून नावाची पट्टी चिकटवा, कारण त्या ओट्यावर आज निदान पंधरा कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाची भांडी, असतील.

आता निधनवृत्त. ते कोरडं वाटतं कारण ते आपण लिहितो तसं ‘मनमिळाऊ, परोपकारी, सर्वांचे लाडके’ या चालीचं नाही. मेनोनाइट लोकांत स्वतःचं किंवा घरच्यांचं कौतुक चारचौघांत करणं बरं दिसत नाही, मेल्यावरही नाही. त्यांच्या जर्मन बोलणाऱ्या पूर्वजांचा एक शब्द आहे, ‘गेलासनहाइट’. स्वतःला देवाच्या आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या समुदायाच्या, हाती सोडून देणं, असा काहीसा त्याचा अर्थ. या सोडून देण्यात मोठेपणाची हौसही गेली. म्हणून निधनवृत्तात विशेषणं नसतात. त्या जागी आकडे आणि घटना असतात. १८६४ पासून त्यांच्या चर्चच्या नियतकालिकांत मृत्युनोंदी छापल्या जात आल्या, आणि जुन्या नोंदींत वय वर्षं, महिने, दिवस असं मोजून दिलेलं दिसतं. शेवटी अंत्यविधीला बायबलमधलं कोणतं वचन घेतलं तेही. शेतकऱ्याने धान्य मोजावं तसं आयुष्य मोजून ठेवायचं, भाव कुणी सांगायचा नाही.

तुम्ही पाठवलेल्या ओळी आता एकेक करून वाचू.

‘पंधराव्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन चर्चचे सदस्य झाले.’ तुम्हाला ही मुंजीसारखी बाब वाटली असेल. त्यांच्या लेखी मात्र हीच सर्वांत महत्त्वाची ओळ. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काही जणांनी ठरवलं की तान्ह्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा खरा नाही, माणसाने कळत्या वयात स्वतः हो म्हणायला हवं. त्यांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. एवढ्यासाठी पुढच्या काळात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही राजवटींनी त्यांना बुडवून, जाळून मारलं. मेनो सायमन्स हा नेदरलँड्समधला कॅथलिक पाद्री १५३६ मध्ये त्यांना येऊन मिळाला, त्याच्या नावावरून हे मेनोनाइट. तोही संसारी माणूस होता. त्याच्या डोक्यावर बक्षीस लावलेलं होतं, आणि बायको-मुलांना वर्षभर निर्धास्त ठेवता येईल अशी एक झोपडीसुद्धा मिळत नाही असं त्याने लिहून ठेवलंय. १५६१ मध्ये मात्र तो अंथरुणात, आजारपणाने गेला. ज्याच्या माथी एवढा धोका होता त्याला हे मरण मिळालं, याचं मला नेहमी नवल वाटतं. तर पंधरा वर्षांच्या पोराने मंडळीसमोर उभं राहून दिलेला होकार, हा त्या निधनवृत्तातला खरा जन्म आहे.

‘१-डब्ल्यू अंतर्गत दोन वर्षं मनोरुग्णालयात सेवा.’ तुम्ही विचारलंत की हे काही अमेरिकन पदवीचं नाव आहे का. नाही. हे लोक शस्त्र धरत नाहीत. सैन्यभरती सक्तीची होती तेव्हा सदसद्विवेकाच्या कारणाने लढायला नकार देणाऱ्यांना सरकार नागरी कामाला पाठवायचं, आणि १९५२ पासून त्या वर्गाचं सरकारी नाव होतं ‘१-डब्ल्यू’. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात अशा सुमारे बारा हजार तरुणांनी छावण्यांत आणि इस्पितळांत काम केलं, त्यांत साडेचार हजारांहून जास्त मेनोनाइट होते. शेतावरून उठून आलेल्या या पोरांना मनोरुग्णालयांत काय काय दिसलं! एका वॉर्डात कोंबलेली माणसं, कपड्यांचा पत्ता नाही, देखभालीला एखादाच कर्मचारी. त्यांनी ते लिहून ठेवलं, बाहेर आणलं, आणि युद्धानंतर चर्चने स्वतःची मानसिक आरोग्यकेंद्रं काढली. आपल्या जवळचं फिलहेवन १९५२ मधलं, तेही त्यातलंच.

तुमच्या शेजाऱ्यांनी दोन वर्षं पलंगाला बांधलेल्या लोकांना भरवलं असेल, त्यांची अंथरुणं बदलली असतील. निधनवृत्तात त्याला सहा शब्द. मी अशा म्हाताऱ्यांना विचारून बघितलंय. सांगतात ते वेगळंच काहीतरी: तिथल्या किचनमधली कॉफी किती वाईट होती, एक पेशंट रोज रात्री त्यांच्या बुटांना पॉलिश कसं करून ठेवायचा. गावात ‘भित्रे’ म्हणून कुणी थुंकलं असेल, ते विचारावं लागतं. मग एक मिनिट गप्प बसून म्हणतात, हो, झालं होतं तसंही.

शस्त्र न धरण्याचं मूळ समजायचं तर बऱ्याच जणांच्या बैठकीत एक चित्र दिसतं ते बघा. बर्फाळलेल्या तळ्यावर एक माणूस वाकून दुसऱ्याला वर ओढतोय. तो डर्क विलेम्स, नेदरलँड्समधल्या आस्पेरेनचा. तुरुंगातून पळत होता, मागे लागलेला शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला, हा मागे फिरला आणि त्याला वाचवलं. वाचवल्यावर पकडला गेला आणि १५६९ मध्ये त्याला जिवंत जाळलं. आपल्याकडे घराघरात एकनाथांची गोष्ट सांगतात, अंगावर थुंकणाऱ्यावर न चिडता पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या नाथांची. डर्कची गोष्ट तशीच लहानपणापासून ऐकवली जाते. फरक एवढाच की या गोष्टीचा शेवट वाईट आहे आणि तो मुलांपासून लपवत नाहीत.

‘एकेचाळीस वर्षं दूधव्यवसाय.’ यात मला काही सांगायचं नाही. गाई दिवसातून दोनदा पिळाव्या लागतात, नाताळलाही. हिशेब तुम्ही करा.

‘सात मुलं, एकतीस नातवंडं, बावीस पतवंडं, एक मुलगा तान्हेपणीच वारला.’ इथे थांबा. साठ वर्षांपूर्वी काही दिवसच जगलेलं बाळ आजही मोजलं जातंय. माझ्या अनुभवात मरणाच्या आधल्या आठवड्यात म्हातारे वडील ज्या मुलाबद्दल बोलतात तो बरेचदा हाच असतो. तुमच्या आजींना कधी निवांत बसून विचारलंत तर त्या नावासकट सांगतील. कुणी विचारत नाही.

मध्येच एक खुलासा करायला हवा, कारण तुम्ही ‘मेनोनाइट असून पिकअप ट्रक चालवायचे’ असं जरा बुचकळ्यात पडून लिहिलंय. मेनोनाइट म्हणजे एकच प्रकार नव्हे. १६९३ मध्ये याकोब आमान वेगळा झाला, त्याचे अनुयायी आमिश. इथल्या आमिशांची घोडागाडी करड्या रंगाची. काळी घोडागाडी दिसली तर ते ओल्ड ऑर्डर मेनोनाइट. त्यांच्यातल्या एका गटात शेतात ट्रॅक्टर चालतो, पण चाकं लोखंडीच हवीत, म्हणजे तो घेऊन कुणी गावात भटकायला नको. आणि मग तुमच्या शेजाऱ्यांसारखे ट्रक, वीज, मोबाइल वापरणारे, ज्यांच्या बायका अजून जाळीची पांढरी टोपी घालतात किंवा आता तीही घालत नाहीत. शहरात तर जीन्स घालणाऱ्या मेनोनाइट प्राध्यापिकाही भेटतील. जगात सर्वांत जास्त मेनोनाइट आता आफ्रिकेत आहेत. भारतातही आहेत, आणि आपल्यापासून फार लांब नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइटांनी धान्य पाठवलं आणि १८९९ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी मध्य प्रांतात धमतरीला येऊन राहिले. त्या प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर. धमतरी आता छत्तीसगडमध्ये आहे, तिथलं त्यांचं हॉस्पिटल अजून चालतं. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघी तिकडच्या होत्या आणि त्या जेवणाआधी जे चार सुरांत गायच्या ते मी पुन्हा ऐकलं ते थेट इथे, एका शेतकऱ्याच्या पलंगाशेजारी.

आता हॉस्पिटलचं.

तुम्हाला वाटलं की मुलांनी हेळसांड केली. तसं वाटणं साहजिक आहे, कारण आपल्याकडे वडिलांना आयसीयूत ठेवलं नाही तर भावकी तोंड वर काढू देत नाही. इथे बहुतेक वेळा गणित वेगळं असतं. डॉक्टरने सहा महिने किंवा कमी असं सांगितलं की मेडिकेअरमधून, म्हणजे वयस्कांच्या सरकारी आरोग्यविम्यातून, घरी हॉस्पिसची सोय मिळते: नर्स, औषधं, वर-खाली होणारा पलंग. पेशंटने स्वतः गुलाबी फॉर्मवर सही केलेली असते की छाती दाबू नका, नळी घालू नका. तो फॉर्म फ्रिजवर चिकटवलेला असतो. तुम्ही कधी टोमॅटो ठेवायला स्वयंपाकघरात गेला असाल तर पाहिलाही असेल. फ्रिजमध्ये एक छोटा डबा असतो, त्यात मॉर्फिनचे थेंब आणि घालमेल कमी करणारं औषध. मुली आणि सुना पाळ्या लावतात. रात्री दोन ते सहा ही पाळी बहुतेकदा अविवाहित मुलीकडे किंवा धाकट्या मुलाकडे. उशी बदलायची, तोंड ओल्या स्पंजने पुसायचं, कूस बदलायची. हेळसांड म्हणतात ती मी पाहिली आहे, आणि ती बऱ्याचदा महागड्या वॉर्डात पाहिली आहे.

त्यात श्रद्धेचाही भाग आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मरण ही त्यांच्या दृष्टीने देवाघरी जाण्याची वेळ असते, तिच्याशी हातघाईवर यायचं नसतं. पण उपचार नाकारणारे लोक हे नव्हेत. गुडघे बदलतात, बायपास करतात, केमो घेतात. ओल्ड ऑर्डरवाले खासगी विमा घेत नाहीत, सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेतून, १९६५ च्या कायद्याने त्यांना सूट आहे, आणि हॉस्पिटलचं बिल मंडळीच्या निधीतून रोखीने भरतात. बिलावर घासाघीसही करतात, फार छान करतात. तुमच्या शेजाऱ्यांसारखे लोक विमा घेतात. फक्त एक वेळ येते तेव्हा ते ‘पुरे’ म्हणतात, आणि हा शब्द घरात आधीच बोलून झालेला असतो. आपल्याकडे तो कुणी उच्चारत नाही. त्यामुळे शेवटी तो बिलिंग काउंटरवर उच्चारावा लागतो.

आता माझी एक चूक. सुरुवातीच्या वर्षांत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला रोज विचारायची, दुखणं शून्य ते दहा मध्ये किती? तो म्हणायचा, “तसं काही वाईट नाही.” मी तीन लिहायची. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोने मला अंगणात गाठून सांगितलं, तो रात्री पलंगाची कड धरून बसतो, दात आवळून. तीस वर्षांपूर्वी यंत्रात बोट गेलं तेव्हाही तो “तसं काही वाईट नाही”च म्हणाला होता. माझ्या आकड्यावर विसंबून चार दिवस त्याला औषध कमी पडलं. त्यानंतर मी आकडा विचारणं जवळजवळ सोडलं. आज टपालपेटीपर्यंत गेलात का? शर्टाची बटणं कुणी लावली? हे विचारते, आणि कपाळावरच्या आठीकडे बघते. ज्या नम्रतेचं आपण कौतुक करतो तिची ही दुसरी बाजू. तक्रार करायची नाही, म्हणून दुखतंय तेही सांगायचं नाही. बायकांच्या बाबतीत तर हे आणखी कठीण, त्यांची तक्रार साठ वर्षं कुणी ऐकलेली नसते. आणि क्षमा तर लगेचच करायची, अशी शिकवण असते. काही घरांत ही क्षमा फार लवकर मागितली गेली, जिथे आधी पोलिसात जायला हवं होतं, हेही मी पाहिलंय. तेव्हा तुम्हाला हे सगळे संत वाटले तर मला वाटत नाहीत. चर्च तर इतक्या वेळा फुटलंय की आपल्या गणेशमंडळांची आठवण यावी: टोपीची दोरी, गाडीचा रंग, रविवारची शाळा, कशावरूनही.

मरणाच्या रात्री काय होतं ते विचारलं नाहीत, पण तुम्ही खिडकीतून गाड्या येताना पाहिल्या आणि गाणं ऐकू आलं असं लिहिलंय, म्हणून सांगते. श्वासात खंड पडायला लागले, पावलं निळसर दिसायला लागली की आम्ही सांगतो, आता बोलावून घ्या. मुलं येतात, नातवंडं जिन्यावर बसतात. कुणीतरी हळूच सूर देतं आणि सगळे गातात, वाद्याशिवाय, चार वेगवेगळ्या सुरांत. हे शिकवावं लागत नाही, लहानपणापासून बाकावर बसून अंगात मुरलेलं असतं. मंद्र सुराला एक मुलगा कमी असेल तर जावई तो उचलतो. जाणाऱ्या माणसाचा श्वास गाण्याच्या लयीवर येतो असं लोक म्हणतात. मी नर्स आहे, मला तसं मोजता आलेलं नाही. घरच्यांचा श्वास मात्र येतो, ते मी स्वतः पाहिलंय. शेवटचा श्वास झाला की रडारड होते, पण मोठ्याने नाही, आणि पाच-दहा मिनिटांत कुणीतरी उठून कॉफी ठेवतं. मग एक जण गोठ्यात जातो, कारण दूध काढायची वेळ झालेली असते.

परवाच्या रांगेत तुम्हाला फार तर मिनिटभर मिळेल. “ही वॉज अ ग्रेट मॅन” म्हणू नका, मुलं संकोचतील. टोमॅटोचं सांगा. पहिल्या वर्षी तुमच्या मुलीला त्यांनी गाईचं वासरू दाखवलं होतं म्हणालात, ते सांगा, आणि तिलाच सांगू द्या. निधनवृत्तात जे लिहायचं नसतं ते या रांगेत गोळा होतं. आजींना सगळं आठवेल असं नाही, पण त्यांच्या शेजारी एखादी सून उभी असते आणि तीच रात्री घरी बसून या गोष्टी वहीत उतरवते.

दुसऱ्या दिवशी दफनाला बोलावलं तर जा. काही घरांत आधी फक्त घरचे लोक कबरीशी जमतात आणि मोठी सभा नंतर चर्चमध्ये होते, तेव्हा वेळ नीट विचारून घ्या. साध्या पद्धतीच्या मंडळीत नातू आणि पुतणे स्वतः फावड्याने माती लोटतात आणि कुणी फावडं पुढे केलं तर ते घेणं हा मान आहे. बुटांची काळजी करू नका. नंतर चर्चच्या तळघरात जेवण असतं: हॅम, चीज, बटाटे, आणि मनुक्यांचा पाय, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, ज्याला इथे सरळ ‘फ्यूनरल पाय’ म्हणतात. मनुका बारमाही घरात असतो आणि मरण हंगाम बघून येत नाही, म्हणून. तुम्ही शाकाहारी असाल तर पाय करताना चरबी घातली होती का ते विचारा, बऱ्याच आज्या अजून घालतात. तिथे हसण्याचे आवाज येतील, त्याने दचकू नका.

आणि तेराव्याला जाऊन भेटायचं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्यांच्यात तेरावं नाही. पण दहाव्या-बाराव्या दिवसानंतर कॅसरोल थांबतात आणि मुलं आपापल्या शेतावर परततात, तेव्हा जा. जुलैत टोमॅटो येतील, या वर्षी लावलेले त्यांनीच असतील. पिशवी पुन्हा तुमच्या पायरीवर दिसली तर ती आजींनी ठेवली असेल. पिशवी धुऊन परत करा, त्या जपून ठेवतात.